आमच्या फिल्ममधला जिन्याचा सीन

आमच्या बिल्डिंगच्या गेटवर माझा फोटो लागला, तेव्हा मला कुठल्याच कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळालेली नव्हती.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी 'अरेरे' करायला नको. मला अरेरे आवडत नाही. बारावीला मला चांगले मार्क पडले होते. चांगले म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या हिशेबाने झकास, आणि मला हव्या असलेल्या कॉलेजच्या हिशेबाने किस झाड की पत्ती. ते कॉलेज मुंबईच्या पश्चिम उपनगरात होतं. मोठं नाव, मोठं गेट, आतल्या पोरापोरींचं इंग्रजी ऐकून मी मराठीतपण अडखळायचे. पण तिथे मास मीडिया होतं, आणि मला फिल्म एडिटिंग शिकायचं होतं. आजोबा गिरणीत होते, पप्पा लिफ्टचे मेकॅनिक. साकीनाक्याच्या ऑफिसात सकाळी हजेरी लावायची आणि मग दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या बिल्डिंगमध्ये अडकलेली लिफ्ट सोडवत फिरायचं. अशा घरात एडिटिंग म्हणजे नक्की काय हे समजावण्यातच माझं अर्धं वर्ष गेलं होतं.

आता फ्लेक्सचं. आम्ही कांजूरमार्गला राहतो. जुनी बैठी चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, पण चाळीचं मंडळ काही कुणी पाडलं नाही. ते तसंच्या तसं लिफ्टने वर चढलं. गणपती, सत्यनारायण, हळदीकुंकू आणि निकाल लागले की गुणवंत विद्यार्थ्यांचा फ्लेक्स. पप्पा मंडळाचे सेक्रेटरी. मला आठवतंय तेव्हापासून फ्लेक्सचं काम त्यांच्याकडेच. घरोघरी जाऊन फोटो गोळा करायचे, नावं तपासायची, कुणाचं आडनाव चुकलं तर रात्रभर झोप नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे फोटो लावले. त्या वर्षी पहिल्यांदा घरचं पोर होतं. मग कसला धीर धरतायत?

त्यांनी मागच्या वर्षीचा कट-ऑफ बघितला. माझे मार्क त्याच्या वर होते. झालं. पप्पांच्या दृष्टीने अ‍ॅडमिशन झाली. मी म्हटलं, दुसऱ्या दोनचार कॉलेजांतपण अर्ज करून ठेवूया, तर म्हणाले, "होणार असलेल्या कामाला आपणच कशाला नाट लावायचा?" फ्लेक्सवाल्याकडे बाकीच्या पोरांचं डिझाइन तयार होतं, तो घाई करत होता, आणि पप्पांनी माझाही फोटो दिला. दहावीच्या आयकार्डवरचा. फ्लेक्सवाल्याने माझ्या दोन वेण्यांवर पदवीदान समारंभाची काळी टोपी बसवली, कॉलेजचं नाव लाल अक्षरात टाकलं आणि खाली 'प्रवेश मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

चार दिवसांनी पहिली यादी लागली. कट-ऑफ सणसणीत वर गेला होता. दुसऱ्या यादीत नाव नाही. तिसऱ्या यादीत नाव नाही. चौथी यादी लागलीच नाही. तोपर्यंत आजूबाजूच्या बऱ्या कॉलेजांची दारंही बंद झाली होती. आणि खाली गेटवर मी काळी टोपी घालून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसत होते.

महिनाभरात महापालिकेची गाडी आली आणि रस्त्यावरचे सगळे फ्लेक्स काढून घेऊन गेली. माझाही गेला. पण लोकांच्या डोक्यात बसला तो बसलाच. सातव्या मजल्यापर्यंत येईतो लिफ्टमध्ये तीनजण विचारायचे, "काय मग, कॉलेज कसं चाललंय?"

पप्पांनी घरात दार लावून सांगितलं, "पुढच्या वर्षी परत अर्ज करू. तोपर्यंत कुणाला कळायची गरज नाही. तू सकाळी वेळेवर निघायचं, संध्याकाळी यायचं."

"आणि मधे कुठे जायचं?" मी विचारलं.

आईने माझ्याकडे बघून मान हलवली. "गप रव गो," ती हळूच म्हणाली. "तेंका आधीच बरा वाटत नाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. मला काय बरं वाटत होतं? नापास झाले नव्हते, कुणाचा हात धरून पळाले नव्हते. एका कॉलेजने नाही म्हटलं, एवढंच. पण बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेतला, बॅग पाठीला लावली आणि कॉलेजला निघाले.

पहिले काही दिवस मी महापालिकेच्या बागेत बसले. तिथला वॉचमन 'कुणाची वाट बघतेस' असं विचारायला लागला. मग मुलुंडच्या एका वाचनालयात बसले, तिथे स्पर्धा परीक्षेवाल्यांनी प्रत्येक खुर्चीवर रुमाल टाकून ठेवलेले. शेवटी एक दिवस पाय दुखायला लागले म्हणून मच्छी मार्केटच्या कडेला टेकले, तर समोर माझी शाळेतली मैत्रीण. कोळीवाड्यातली. तिची आई तिथे बसते, आणि त्या दिवशी तीही आईच्या शेजारी उलट्या टोपलीवर बसून कावळे हाकलत होती.

"कुठे चाललीस गं, एवढी नटून?"

"कॉलेजला," मी सवयीने म्हटलं.

"कुठल्या?"

आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मी तिला सगळं सांगितलं. फ्लेक्स, टोपी, डबा, बाग. ती हसायला लागली. अशी हसली की तिच्या आईने हातातला कोयता खाली ठेवला. मला संताप आला, उठून जाणार होते, पण तिने माझी बॅग धरून ठेवली. "मलापण नाय मिलाली," ती म्हणाली. "नाय मिलाली तं नाय मिलाली. आता काय दर्यान जीव देऊ?"

इतक्या दिवसांत हे वाक्य आमच्या घरात कुणालाच सुचलं नव्हतं. मीही हसले. हसता हसता थोडं रडले, ते तिने बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. मग म्हणाली, "यार, हे शूट करूया."

फिल्मचं नाव आम्ही ठेवलं 'चालली कॉलेजला'. कॅमेरा तिचा फोन, एडिटिंग माझ्या फोनवर, फुकटच्या अ‍ॅपमध्ये. कोपऱ्यात त्या अ‍ॅपचं नाव सतत झळकायचं, ते काढायला पैसे लागतात म्हणून आम्ही ते तसंच ठेवलं. गोष्ट साधी. एक मुलगी रोज सकाळी नसलेल्या कॉलेजला जाते. मुलगी मी. बाकी सगळं माझी मैत्रीण: शेजारीण, वॉचमन आणि बाप. बापासाठी मी पप्पांचा कंपनीचा जुना खाकी शर्ट घरातून पळवला. काजळाने मिशी काढली. ती मिशी दर सीनला वेगळ्या जाडीची आहे, आज बघितलं की मला ठसका लागतो.

कॉलेजचं ऑफिस कुठे दाखवायचं हा प्रश्न होता. तिच्या आईने सोडवला. ती म्हणाली, या बसा माझ्या पाटावर. तर फिल्ममध्ये मी मार्कशीट घेऊन रांगेत उभी राहते, माझ्या पुढे एक बाई सुरमई घ्यायला उभी आहे, खरीच गिऱ्हाईक, तिला आम्ही सांगितलंच नव्हतं. माझा नंबर येतो. मैत्रिणीची आई मार्कशीट घेते, काट्यावर ठेवते, चष्म्यातून बघते आणि म्हणते, "कमी हाय. जा, पुरल्या वरसाला ये." आणि मार्कशीट परत देताना तिच्यावर बर्फाचा तुकडा ठेवते, म्हणजे तोपर्यंत ती टिकेल. हे तिला आम्ही शिकवलं नव्हतं. ती सुरमईवाली बाई एवढी हसली की फिल्ममध्ये तिचाच आवाज जास्त येतो.

आम्हाला फार मजा येत होती. मला हेही सांगितलं पाहिजे की त्या दिवसांत मी जेवढं एडिटिंग शिकले तेवढं नंतर कुणी शिकवलं नाही. पुढच्या वर्षी मला एका साध्या कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाली, आता अंधेरीत एडिटिंगचंच काम करते, आणि कुणी कॉलेज विचारलं की बिनधास्त नाव सांगते. समोरच्याला ते माहीत नसतं. तो त्याचा प्रॉब्लेम.

तर जिन्याचा सीन.

एक दिवस शूटिंग लवकर आटपलं. मला संध्याकाळशिवाय घरी जायची परवानगी नव्हती, पण उन्हाने डोकं चढलं होतं. लिफ्टमध्ये कुणी भेटायला नको म्हणून मी जिन्याने निघाले. आमच्या बिल्डिंगचा जिना कुणी वापरत नाही. जुन्या सायकली, रंगाचे डबे, कुंड्या. दुसरा मजला ओलांडला आणि वर कुणाचा तरी श्वास ऐकू आला. वाकून बघितलं.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर पप्पा बसले होते. कामावरून मधेच आले असावेत. शेजारी टूलची बॅग, मान खाली, तोंड उघडं टाकून धापा टाकत होते. पप्पांना दम लागतो. डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केलेली आहे. आणि दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू करून देणारा माणूस स्वतःच्या बिल्डिंगमध्ये जिना चढत होता, का, तर लिफ्टमध्ये कुणी विचारेल, पोरीचं कॉलेज कसं चाललंय.

मला रडू नाही आलं. मला राग आला. त्यांचा, त्या कॉलेजचा, लिफ्टमधल्या काकूंचा, सगळ्यांचा. पाय न वाजवता खाली उतरले आणि बागेत जाऊन बसले. त्याच दिवशी ठरवलं की हा सीन फिल्ममध्ये जाणार. मला दुसरं काहीच नको होतं. मला सकाळी घरात बसून चहा प्यायचा होता, अख्ख्या बिल्डिंगला माहीत असताना. आणि पप्पांनी लिफ्टने यावं असं वाटत होतं. हे दोन्ही एकाच गोष्टीने होणार होतं, आणि ती गोष्ट घरात बोलून होण्यातली नव्हती.

सीन आम्ही मैत्रिणीच्या मामाच्या बिल्डिंगमध्ये केला. खाकी शर्टातला बाप लिफ्टचं दार उघडतो, आत शेजारीण दिसते (तीही मैत्रीणच, वेगळ्या शॉटमध्ये), दार लावून घेतो आणि जिना धरतो. मजल्यांचे आकडे भिंतीवर दिसत जातात. आधी ऐटीत, मग कठड्याला धरून, मग चक्क रांगत. पाचव्या मजल्यावर तो बसतो. पाचव्या. तिसऱ्यावर बसलेला दाखवायचं माझ्या जिवावर आलं. तेवढी सूट मी त्यांना दिली होती.

गणपतीत आमच्याकडे एक संध्याकाळ करमणुकीच्या कार्यक्रमाची असते. पोरांचे डान्स, बायकांची गाणी, शेवटी संगीत खुर्ची. मी मंडळाच्या अध्यक्षकाकांकडे जाऊन फिल्मचं नाव दिलं. ते खूश. कॉलेजात शिकून पोरीने फिल्म केली! कार्यक्रमांची नावं माइकवरून पुकारायचं काम सेक्रेटरीचं, त्यामुळे यादी संध्याकाळी पप्पांच्या हातात आली.

जेवणाच्या आधी त्यांनी फोन मागितला. "दाखव काय केलंयस."

मी दिला. ते जमिनीवर बसून बघायला लागले, आई त्यांच्या खांद्यावरून. काट्यावरच्या मार्कशीटला ते हसले. खरं सांगते, मोठ्याने हसले. आईकडे वळून म्हणाले, "ही कोळीण भारी आहे." मग जिना आला. हसू हळूहळू गेलं. खाकी शर्ट त्यांनी ओळखला असणारच. फिल्म संपली तरी फोन हातातच.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी बघितलं."

त्यांनी जिना परत मागे नेऊन बघितला. मग म्हणाले, "बाकी सगळं राहू दे. कॉलेज, मार्केट, सगळं. जिन्याचं तेवढं काढ."

"नाही काढणार."

"लोकांसमोर बापाची टर उडवणार तू?"

"टर कोण उडवतंय पप्पा? लोकांना काही माहीत तरी आहे का? आपणच आपल्याला पळवतोय. मी बागेत, तुम्ही जिन्यात."

"आवाज खाली कर."

"का? शेजारी ऐकतील म्हणून?"

आईने "पुरे" म्हटलं. पप्पा उठले, फोन माझ्या हातात दिला. "मग मी ते नाव पुकारणार नाही," ते म्हणाले, आणि जेवले नाहीत. मीही नाही जेवले. आई एकटी जेवली, भांडी आपटत. तिलाही राग येतो, पण कुणावर काढायचा ते तिला शेवटपर्यंत ठरवता येत नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी तळमजल्याचा हॉल गच्च भरला होता. माझी मैत्रीण आईला घेऊन आली होती, तिच्या आईने ठेवणीतलं लुगडं नेसून केसात भलामोठा गजरा माळलेला. हिरॉइन म्हणूनच आली होती ती. मी लॅपटॉपजवळ उभी. गाणी, फिल्म, सगळं तिथूनच लागणार होतं. पप्पा माइकजवळ, पांढरा शर्ट, हातात यादी. एकेक नाव पुकारत होते. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

छोट्या मुलींचा डान्स संपला. यादीत पुढे आम्ही. पप्पा कागदाकडे बघत राहिले. माइकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता हे संगीत खुर्ची पुकारणार. मी ठरवलं होतं, पुकारू देत, तरी मी फिल्म लावणारच. मग लोकांसमोर काय व्हायचं ते होऊ दे.

"यानंतर," ते म्हणाले, "आपल्या बिल्डिंगमधल्या मुलीची फिल्म."

माझं नाव नाही, 'माझी मुलगी' नाही. पण पुकारलं. मी बटण दाबलं.

लोक हसले. आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त हसले. मार्कशीटवर बर्फ ठेवला तेव्हा शिट्ट्या पडल्या आणि मैत्रिणीच्या आईने बसल्या जागेवरून हात जोडले. जिना आला तेव्हाही आधी हशा होता. बाप रांगायला लागला तेव्हा मागच्या बाजूचं हसू थांबलं. मग मधलं. काही काकूंनी मान वळवून माइककडे बघितलं. फिल्म संपली, आमची दोघींची नावं आली, आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पाचव्या मजल्यावरच्या काकू पहिल्या रांगेत होत्या. त्यांना पोटात काही ठेवता येत नाही. "म्हणजे गं," त्या म्हणाल्या, "तुला अ‍ॅडमिशन मिळालीच नव्हती?"

याच्यासाठीच तर सगळं केलं होतं.

"नाही मिळाली काकू."

"मग रोज सकाळी बॅग घेऊन?"

"मच्छी मार्केटला. ही फिल्म करायला."

"अरे, पण तो फ्लेक्स..." अध्यक्षकाका म्हणाले आणि बोलता बोलता थांबले. फ्लेक्स कुणी बनवला हे सगळ्यांना माहीत होतं. पूर्ण हॉल पप्पांकडे बघायला लागला. त्यांचा चेहरा बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. त्यांना उभ्या उभ्या काही झालं तर? आई जागेवरून अर्धी उठली होती.

पप्पांनी माइक तोंडाजवळ नेला.

"फिल्म चांगली झाली आहे," ते म्हणाले. "एक गोष्ट चुकीची दाखवली आहे. त्यातला बाप पाचव्या मजल्यावर बसतो. मी तिसऱ्यालाच बसायचो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग पाचव्या मजल्यावरच्या काकू हसल्या, मग अध्यक्षकाका, मग सगळेच. टाळ्याही पडल्या. माझ्या फिल्मला मिळाल्या नव्हत्या तेवढ्या. पप्पा हसत नव्हते. हशा ओसरेपर्यंत थांबले, यादीकडे बघितलं आणि म्हणाले, "संगीत खुर्चीसाठी मुलांनी पुढे यावं."

पोरांची धावपळ सुरू झाली, कुणीतरी खुर्च्या गोल मांडायला लागलं. पप्पा माइक घेऊनच माझ्याजवळ आले.

"मी सॉरी म्हणणार नाही," मी म्हटलं.

"मी मागितलं का?" ते म्हणाले. संगीत खुर्चीचं गाणं दरवर्षी पप्पाच लावतात आणि पप्पाच बंद करतात, त्यात ते कुणाला हात लावू देत नाहीत. ते लॅपटॉपकडे बघत म्हणाले, "गाणं तू लाव. बंदही तूच कर."

त्यांनी यादी घडी करून खिशात घातली.

मी गाणं लावलं. पोरं गोल धावायला लागली. खुर्च्या नेहमीप्रमाणे एकाने कमी होत्या. बटणावर माझं बोट होतं, पण दाबलं की एक पोर बाहेर जाणार, आणि मला ते दाबवेना. एक फेरी झाली, दुसरी झाली, छोटी पोरं दमली, मोठी ढकलाढकली करायला लागली. "अगं, बंद कर की," अध्यक्षकाका ओरडले. "पोरं पडतील."

पप्पांनी माझ्या बोटाकडे बघितलं, आणि माइकवर म्हणाले, "चालू दे."